महिन्यातून कितीदा तळता?

एअर फ्रायर घ्यावा की न घ्यावा, यावर माझा सगळ्यात कडाक्याचा वाद झाला तो ठाण्यात टेंभी नाक्यावर राहणाऱ्या माझ्या मावशीशी. ती सत्तरीला आलेली, जन्मभर कढईपुढे उभी राहिलेली. मी डोंबिवलीची, रोज लोकल पकडून नोकरी करणारी. कोणालाही वाटेल की यंत्र मला हवं असणार आणि कढईची बाजू ती घेणार. झालं नेमकं उलट. तिला एअर फ्रायर हवा होता आणि मला तो ओट्यावरची अडगळ वाटत होता. दोघींच्याही म्हणण्यात दम होता, म्हणून तो वाद इथे मांडते आहे.

निमित्त नवरात्राचं. टेंभी नाक्याचा देवीचा उत्सव शिवसेनेचे आनंद दिघे यांनी १९७८ साली सुरू केला, आणि तेव्हापासून घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत हा भाग आपला राहत नाही. कळवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण, कुठून कुठून माणसं दर्शनाला लोटतात. नाक्याजवळ ज्याचं घर त्याच्याकडे त्यातली ओळखीची माणसं डोकावतातच, आणि त्यातली निम्मी उपवासाची असतात. मावशीच्या साबुदाणा वड्यांची कढई या दिवसांत थंड होत नाही.

"यंदा मी नाही हो तासन् तास उभी राहणार," मावशीने सुरुवातच तिथून केली. "ह्यांना डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय, आणि माझे गुडघे आता ऐकत नाहीत. घेऊन टाकू ते यंत्र. चमचाभर तेलात वडे होतात म्हणे."

"मावशी, ते यंत्र तळत नाही, भाजतं. वर विजेची कॉइल, तिच्यावर पंखा, खाली जाळीची टोपली. दोनशे अंशांपर्यंत तापलेली हवा पदार्थाभोवती जोरात फिरते, बस्स. फिलिप्सने २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात आणलं म्हणून ते नवीन वाटतं. पंखा लावलेला ओव्हन त्याच्या कितीतरी आधीचा. इथे पोकळी लहान आणि पंखा दांडगा, म्हणून दोन-तीन मिनिटांत तापतं, एवढाच फरक."

"मग भाजू दे की. वरून कुरकुरीत आणि आतून मऊ झालं म्हणजे झालं."

"तेच तर सगळ्याचं होत नाही. पुरी का फुगते? चहूबाजूंनी एकदम तेलाची आच लागते, कणकेतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि पापुद्रा सुटतो. तितक्याच तापलेल्या हवेला ती उष्णता द्यायला कितीतरी जास्त वेळ लागतो. तोवर पाणी उडून जातं आणि पुरीची पापडी होते. भज्यांचं तर नावच काढू नकोस. ओलं बेसन तेलात पडल्या पडल्या बांधलं जातं. जाळीवर ठेवलंस तर गळून खाली जाईल."

मावशीला यात नवीन काही वाटलं नाही. "मला कुठे पुऱ्या करायच्यात त्यात? आणि बटाटेवडा म्हणशील तर तो ठाण्यात कोण उठून घरी तळतंय? स्टेशनजवळ कुंजविहारला जाऊन खातात लोक. भजी पावसात एकदा-दोनदा. मी रोजच्या घरातल्या गोष्टी बोलतेय."

"तर मग रोजच्याच काढू. गेल्या महिन्यात तू काय काय तळलंस?"

हा प्रश्न मी वाद जिंकायला विचारला होता, पण पुढचं सगळं बोलणं त्याच्यावरच फिरलं. मावशीने कालनिर्णय उतरवून घेतलं. त्याच्या चौकोनांत ती दुधाचा हिशेब, गॅसची तारीख आणि सणावाराचं जेवण टिपून ठेवते. पेन्सिलीने खुणा करत गेलो. कोथिंबीर वडी. अळूवडी. रवा लावलेली सुरमई. पोह्याचे पापड. काकांसाठी बटाट्याचे काप, डॉक्टरांकडे जायच्या आधीचे. चतुर्थीला साबुदाणा वडे. मुलगा पुण्याहून आला तेव्हा पुऱ्या आणि बोंबील.

माझ्या मते एअर फ्रायरच्या जाहिराती बघण्याआधी प्रत्येक घराने हे करावं. आपण काय तळतो याची आपल्याला जी कल्पना असते ती सणांवरून आलेली असते. प्रत्यक्ष महिना वेगळाच निघतो.

"बघ," मी म्हटलं, "आठवड्यातून दोनदासुद्धा भरत नाही. आता तेल बघू. महिन्याला किती आणतेस?"

"आम्ही दोघंच. अडीच लिटर लागतं."

"म्हणजे माणशी दिवसाला चाळीस मिलिलिटर. बैठं काम असेल तर वीस ते तीस ग्रॅमच्या आसपास पुरे, असं आहारतज्ज्ञ सांगतात. पण हे जास्तीचं तेल कढईतून येत नाही, मावशी. महिन्यातून सहा-सातदा तळलंस, त्यात पदार्थांनी मिळून पाव लिटर तेल प्यायलं असेल. उरलेलं सव्वादोन लिटर कुठे गेलं? फोडणीत, थालीपिठात, वांग्याच्या तर्रीत. पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५च्या 'मन की बात'मध्ये महिन्याचं तेल दहा टक्क्यांनी कमी करा म्हणून सांगितलं होतं ना? तुझ्याकडे ते पाव लिटर होतं. पळीऐवजी चमच्याने फोडणी घातलीस तर यंत्राशिवाय वाचेल."

"हं," मावशी म्हणाली. काका पेपर बाजूला ठेवून ऐकायला लागले.

"आणि पैशाचं बघ. बऱ्यापैकी यंत्र सहा हजारांना धर. दर महिन्याला पाव लिटर तेल वाचलं तर आजच्या भावाने पंचेचाळीस रुपये. यंत्राची किंमत वसूल व्हायला अकरा वर्षं लागतील. तितकी वर्षं ते टिकणारसुद्धा नाही."

मला वाटलं, संपलं. पण मावशीने कालनिर्णय बाजूला सारलं.

"तुझ्या हिशेबात माझे गुडघे कुठे आहेत? आणि दुसरं सांगते, तू प्यायलेल्या तेलाचा हिशेब केलास, कढईत उरलेल्याचा केला नाहीस. दोन माणसांना आठ वड्या तळायच्या तरी अर्धा लिटर तेल ओतावं लागतं, नाही तर वडी बुडत नाही. उरलेलं मी गाळून ठेवते. दुसऱ्या दिवशी बटाट्याच्या भाजीला, तिसऱ्या दिवशी परत पापडाला. फेकवत नाही ना. पूर्वी घरात सात माणसं होती, तळणाचं तेल दोन दिवसांत संपायचं. आता आठवडाभर तेच काळं तेल पोटात जातं. मला ते नकोय. ह्यांच्या पोटात तर मुळीच नकोय."

याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं, कारण तिचं म्हणणं शास्त्रालाही धरून आहे. पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल दाट होतं, त्याचा रंग बदलतो, त्यात नको ती संयुगं साठत जातात. हॉटेलं आणि फरसाणवाल्यांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८पासून मर्यादाच घातली आहे. अशा संयुगांचं प्रमाण पंचवीस टक्क्यांपुढे गेलं की ते तेल वापरायचं नाही. घरात ते मोजायला कोणाकडे मीटर नाही. घरात मोजमाप एकच, 'अजून चांगलं आहे की'. लहान झालेल्या कुटुंबात तळण्याचा खरा तोटा हा आहे, आणि एअर फ्रायरच्या बाजूने मला पटलेलं हे सगळ्यात भक्कम कारण.

तरी मी सोडलं नाही. "मग लहान कढई घे. नाही तर वड्या तव्यावर दोन चमचे तेलात परत. साबुदाणा वड्याला अप्पेपात्र आहे तुझ्याकडे. प्रत्येक खळग्यात थेंबभर तूप सोडलंस की सुरेख होतात, यंत्रापेक्षा चांगले. कोरड्या गरम हवेत साबुदाणा वरून वातड होतो. ब्रशने तेल लावलं तरी तो मऊ-खुसखुशीतपणा येत नाही."

"अप्पेपात्राचं खरं," मावशीने मान्य केलं. "पण तिथे उभंच राहावं लागतं गं. एकेक टोचून उलटायचा, बाजूचा जळतोय का बघायचा. तव्यावर पण तेच. त्या यंत्रात वड्या टाकल्या, बटण फिरवलं, येऊन बसले. मध्ये एकदा उठून उलटल्या. पंधरा मिनिटं मी बसलेली असणार. तुला वाटतं मी तेलासाठी मागतेय. मी बसण्यासाठी मागतेय."

कंपन्या एअर फ्रायर विकतात तो आरोग्याच्या नावावर. बहुतेक घरांत मात्र तो वापरात राहतो तो या दुसऱ्याच कारणामुळे, असं माझं निरीक्षण आहे. आचेसमोर उभं राहावं लागत नाही. उन्हाळ्यात ठाण्यातल्या जुन्या इमारतींची ती चिंचोळी स्वयंपाकघरं, एक खिडकी, शेजारी भिंत, आणि समोर उकळतं तेल. तिथे उभं राहणारी बाई काय सोसते, हे तेलाच्या हिशेबात येत नाही.

मग मी माझं पुढचं अस्त्र काढलं. "वरच्या फळीवर तुझा कन्व्हेक्शनचा मायक्रोवेव्ह आहे. त्यालाही कॉइल आहे, पंखा आहे. आज तो फक्त चहा गरम करायला लागतो. आधी त्यात करून बघ."

"करून बघितलंय. तापायलाच दहा मिनिटं जातात, आणि एवढ्या मोठ्या पोकळीत माझ्या आठ वड्या. वरून रंग येतो, खालून घामेजलेल्या राहतात."

हे तिचं बरोबर होतं. सपाट ट्रेवर खालून हवा जात नाही. जाळीच्या टोपलीत ती जाते, म्हणून तिथे दोन्ही बाजू कोरड्या होतात. पण ज्यांच्याकडे ओव्हन आहे आणि ज्यांनी तो कधी नीट वापरलेला नाही, त्यांनी आधी महिनाभर त्यात जाळी ठेवून वड्या, काप, शंकरपाळे करून बघावेत. त्यात मन रमलं नाही तर एअर फ्रायरमध्येही रमण्याची शक्यता कमी.

काका मध्येच म्हणाले, "मला काप मिळतील का, एवढंच सांगा."

"मिळतील," मी म्हटलं. "बटाट्याचे काप, सुरण, रताळं, हे त्यात खरंच चांगलं होतं. विकतच्या वेफर्समध्ये वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा तेल असतं. इथे पाव किलो कापांना चमचाभर पुरे. फक्त काप अर्धा तास पाण्यात ठेवायचे, पुसायचे, आणि सोनेरी झाले की काढायचे. तांबडे-काळे होईपर्यंत ठेवायचे नाहीत. पिठूळ पदार्थ फार तापले की त्यांत अॅक्रिलामाइड नावाचं द्रव्य तयार होतं. २००२ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी ते खाण्याच्या पदार्थांत दाखवून दिलं. ते तळण्यात होतं तसं भाजण्यातही होतं. तेल कमी म्हणून कितीही करपवावं, असं नाही."

"आणि मीठ?" मावशीने काकांकडे बघत विचारलं.

"मीठ यंत्र कमी करत नाही."

मग मासे आले. मावशीला बोंबील चेंदणी कोळीवाड्यातल्या मैत्रिणीने शिकवलेले. चिरून, पाट्याखाली दाबून पाणी काढायचं, मग मसाला, मग रवा. बोंबलाबाबत मी ठाम नाही म्हटलं. तो इतका पाणीदार की जाळीला चिकटतो आणि उचलताना मोडतो. सुरमईची तुकडी मात्र जमते. रव्यात एक गोष्ट सांभाळावी लागते. जिथे तेलाचा हात लागलेला नाही, तिथला रवा शेवटपर्यंत पांढराच राहतो, दाताखाली कच्चा कचकचतो. कढईत किंवा तव्यावर तेल आपणहून सगळीकडे पोचतं. इथे ते आपल्याला पोचवावं लागतं, रवा लावून झाल्यावर ब्रशने, दोन्ही बाजूंना.

"म्हणजे तेल लागतंच."

"लागतंच. बिनतेलाचं जे करतात ते वाळवण होतं."

इथे मावशीने मला कढईजवळ नेलं. तिला काहीतरी दाखवायचं होतं. संध्याकाळच्या चहाबरोबर कोथिंबीर वडी होतीच. तिने वड्या झाऱ्यावर घेतल्या, पण लगेच ताटात टाकल्या नाहीत. झारा कढईच्या काठावर तिरपा टेकवून धरला, वड्या उभ्या राहतील असा, आणि खालच्या टोकाला तेलाचा थेंब जमायचा थांबेपर्यंत हलवला नाही. मग कागदावर, आणि तिथेही एकावर एक नाही. "माझी आई असंच करायची. म्हणायची, तेल पदार्थात कढईत नाही शिरत, ताटात शिरतं."

आजीचं म्हणणं बहुतांशी खरं आहे. पदार्थ तेलात असतो तेव्हा आतली वाफ जोराने बाहेर येत असते, तेलाला शिरायला फारसा वाव नसतो. बाहेर काढल्यावर वाफ थंड होते, आत पोकळी होते आणि वर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणून तेल नीट तापलेलं हवं आणि काढल्यावरचं पहिलं अर्धं मिनिट नीट निथळायला हवं. ज्यांना यंत्र घ्यायचं नाही त्यांनी एवढं केलं तरी तळणाचा बराच भार हलका होईल.

"मग एवढं येत असताना यंत्र कशाला?" मी विचारलं.

"कारण हे मला येतं ते मी उभी राहू शकते तोवरच."

नवरात्राचा मुद्दा शेवटी मीच पुन्हा काढला. चार लिटरच्या टोपलीत एकमेकांना न चिकटता सात-आठ वडे मावतात. एका घाण्याला पंधरा-अठरा मिनिटं. दर्शनाहून एकदम दहा माणसं आली तर पहिल्याचा वडा थंड होईपर्यंत शेवटच्याचा आत गेलेला नसेल. कढईत तेवढ्या वेळात चार घाणे निघतात. पाच-सहा माणसांच्या घराला हे यंत्र याच कारणाने पुरत नाही. माझ्या घरी आम्ही पाच जण, म्हणून मी घेणार नाही, आणि माझ्यासारख्यांना घ्या असं सांगणारही नाही.

मावशीने याचा विचार आधीच केला होता. "पाहुण्यांना यंदा भगर आणि दाण्याची आमटी. ती एकदा करून ठेवली की वाढायचं तेवढं काम. वडे फक्त पाचव्या माळेला, कढईतच, आणि त्या दिवशी तू रजा टाकून यायचंस. बाकी दिवस आम्हा दोघांपुरतं यंत्रात. दिवाळीच्या चकल्या, करंज्या, अनारसे कढईत. त्यात मी काही बदल करणार नाही."

इथे मी विरोध सोडला. दोन माणसांचं घर, तळणाचं उरलेलं तेल हा खरा त्रास, आवडीच्या पदार्थांत आधी उकडून मग कुरकुरीत करायच्या वड्या जास्त, आणि उभं राहणं कठीण. अशा घराला तो घेण्यासारखा आहे. यातलं एखादंच कारण असेल, आणि तेही 'तेल कमी होईल' एवढंच, तर फोडणीची पळी लहान करावी.

उरल्या त्या घेण्याआधी बघायच्या गोष्टी, आणि त्यावर मी अडून बसले. हे यंत्र पंधराशे वॉटपर्यंत वीज ओढतं, म्हणजे साडेसहा अँपिअर. जुन्या इमारतीत ओट्याजवळ असतो तो मिक्सरचा लहान पॉइंट. त्यावर हे लावलं तर वायर तापते. त्याला सोळा अँपिअरचं जाड पिनांचं सॉकेट हवं, एक्स्टेंशन बोर्ड चालणार नाही. विजेच्या बिलाची धास्ती नको. वीस मिनिटांना जास्तीत जास्त अर्धं युनिट. मागून गरम हवा निघते, म्हणून भिंतीपासून वीतभर पुढे आणि वर फळी नसलेल्या जागी ठेवायचं. टोपलीला लेप असतो. तारेच्या घासणीने तो आठवड्यात निघेल, तेव्हा भांडी घासणाऱ्या ताईंना आधी सांगायचं, नाही तर ती टोपली स्वतः धुवायची. आणि गोखले रोडला दुकानात जाऊन टोपली हातात घेऊन बघायची. ती सुटी विकत मिळते का, हे विचारल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, कारण यंत्रात पहिल्यांदा खराब होते ती टोपली.

"झालं?" मावशी म्हणाली. "इलेक्ट्रिशियनला सांगितलंय, उद्या सकाळी येतोय. सॉकेट फ्रिजच्या बाजूला काढायला लावते. मसाल्याच्या फळीखाली नको. आणि तिथे बाजूला स्टूल पण मावतं."